सदाशिव पेठेतून एरंडवण्याला समुद्रमार्गे

सासरे आमच्याकडे कोथरूडला राहायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, आमसुलांची बरणी आणि स्वतःची उशी एवढंच सामान होतं. सासूबाई गेल्यावर दीड वर्ष ते सिंधुदुर्गातल्या त्यांच्या गावी एकटेच राहिले. एकदा विहिरीवर पाय घसरला, तेव्हा माझ्या बायकोने हट्ट करून त्यांना आणलं. वय एकोणऐंशी. अंगाने काटक, बोलणं कमी. आमच्याशी ते शहरी मराठी बोलत. घाबरले किंवा फार खूष झाले की मालवणी.

तरुणपणी ते शिडाच्या गलबतावर तांडेल होते. तांडेल म्हणजे गलबतावरचा मुख्य माणूस. खलाशी शीड चढवतात आणि उतरवतात ते त्याच्या शब्दावर. मंगळुरी कौलं, नारळ, सुकी मासळी असला माल घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत त्यांच्या खेपा होत, आणि दोनदा ते पार मस्कतला जाऊन आले होते.

“दिशा कशी कळायची? होकायंत्र असेल ना?” मी पहिल्याच जेवणाच्या वेळी विचारलं. मी चाकणच्या एका कारखान्यात ड्रॉइंग तपासतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून माणसांशी वाद घालायचा मला पगार मिळतो, त्यामुळे मोजमापाविना काही चालतं यावर माझा विश्वास नाही.

“होतं की,” बाबा म्हणाले. “काचेत पाणी शिरलेलं. गलबत कुठेही वळवा, काटा एकाच बाजूला. आम्ही म्हणायचो, मालकाच्या घराकडे बघत बसलाय. त्याच्यावर आम्ही टोपी ठेवायचो.”

दुसऱ्याच दिवशी ते हरवले. म्हणजे आमच्या मते हरवले. बायको दुपारी कामावरून आली तर घराला कुलूप, किल्ली शेजारी ठेवलेली. तिने मला फोन केला, मी चाकणहून निघालो, वाटेत मला तिचे आणखी सात फोन आले. पाच वाजता बाबा शांतपणे जिना चढून आले. हातात टॉर्चचे दोन सेल. बुधवार पेठेत गेले होते.

“बुधवार पेठेत! चालत? आणि परत कसे आलात? कुणाला विचारलंत?”

“जाताना एकाला विचारलं,” ते म्हणाले. “तो म्हणाला, पाटी काय शोभेला लावलीय? मग नाही कुणाला विचारलं.”

परत येताना त्यांनी चार वाजेपर्यंत एका देवळाच्या पायरीवर वाट पाहिली. पुण्यात उन्हाळा तोंडावर आला की दुपार उतरताना पश्चिमेकडून वारा सुटतो. ते आम्हाला माहीत होतं, पण तो वारा समुद्रावरून निघून घाट चढून येतो हे आमच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. बाबांच्या ते नाकात आलं. त्यांनी तो वारा तोंडावर घेतला आणि तोंडावरचा ढळू न देता चालत राहिले. नदी लागली, ती ओलांडली. टेकडी उजव्या हाताला ठेवली. मग आमच्या गल्लीतला सातवणीचा वास आला म्हणाले. सातवण मार्चमध्ये फुलत नाही, असं बायको म्हणाली. “पानांचा,” ते म्हणाले.

बायको आधी रडली आणि मग ओरडली. “मोबाइल कशाला दिलाय तुम्हाला? कुठाय तो?”

“पेटीत ठेवलाय. बाहेर नेला तर हरवेल.”

पुढच्या आठवड्यात मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून सदाशिव पेठेत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. निघाल्यावर जरा वेळाने आरशात पाहिलं तर बाबांचे डोळे मिटलेले. मला वाटलं चक्कर आली. मी गाडी बाजूला घेतली.

“थांबलास का?” ते म्हणाले. “लाटा मोजत होतो.”

लाटा म्हणजे स्पीडब्रेकर. मोठी लाट एकटी येते, छोट्या लाटा तिघीतिघी येतात, आणि तिघीतिघी आल्या की पुढे शाळा असते, हे त्यांनी तोवर ठरवून टाकलं होतं. येताना त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मी ब्रेक लावायच्या आत “आलो” म्हणाले. वाचायचा चष्मा मिळाला, तोही फक्त वाचायचाच. डॉक्टर म्हणाले, लांबचं यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं.

आमच्या इमारतीला गच्ची आहे, आणि गच्चीला नियम आहेत. बाबा पहाटे पाचला चटई घेऊन वर जाऊ लागले. तिथे ते उताणे पडून आकाश बघत, मग हात लांब ताणून क्षितिज आणि ध्रुवतारा यांच्यामधे बोटं धरत. त्यांच्या गावापेक्षा पुण्यात ध्रुव एका बोटाने, किंवा जरा जास्तच, वर दिसतो. हे त्यांना इतकं महत्त्वाचं वाटलं की त्यांनी ते मला नाश्त्याच्या वेळी तीन दिवस सांगितलं. मी ऑफिसात गुपचूप आकडेमोड केली. आमच्या आणि त्यांच्या अक्षांशात सुमारे अडीच अंशांचा फरक, आणि ताणलेल्या हाताच्या एका बोटाची जाडी सुमारे दोन अंश. ते ड्रॉइंग असतं तर मी मंजूर केलं असतं.

चौथ्या दिवशी नांदेडकडच्या आमच्या वॉचमनने सोसायटीच्या अध्यक्षांची बेल वाजवली. “साहेब, चौथ्या मजल्यावरचे आजोबा गच्चीवर पडलेत. डोळे उघडे हायेत, पण हाक मारली तर ओ देईनात.”

अध्यक्ष टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, कडक शिस्तीचे. ते माकडटोपी घालून वर गेले. बाबा एका ताऱ्याची वाट बघत होते, त्यामुळे बोलले नाहीत. फक्त हात वर करून थांबायची खूण केली. अध्यक्ष थांबले. दहाच्या सुमाराला फलकावर सूचना लागली: ‘गच्चीवर उताणे झोपण्यास सक्त मनाई आहे. बसण्यास हरकत नाही. आकाश सर्वांचे आहे, गच्ची सोसायटीची.’ दुसऱ्या दिवशी पहाटे अध्यक्ष स्वतः चटई घेऊन वर आले. बसून मान दुखते, असं त्यांच्या अर्ध्या तासात लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी दोघेही उताणे होते, आणि सूचना तशीच होती.

या अध्यक्षांमुळे पुढचं सगळं घडलं. सदाशिव पेठेत ज्येष्ठांचं एक व्याख्यान मंडळ आहे. ते त्याचे कार्यवाह. रविवारी सकाळी नऊला तिथे कुणीतरी कशावर तरी बोलतं. त्यांनी बाबांचं नाव परस्पर ठरवलं. बाबांनी आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. ते म्हणाले, “मी काय सांगू? दर्यात जाऊन यायचं, एवढंच.”

“तेच सांगा,” अध्यक्ष म्हणाले. “आपल्याकडे एक तास आहे.”

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. फळ्यावर खडूने लिहिलेलं: ‘यंत्राविना सागरप्रवास’. बायको पहिल्या रांगेत, मी तिच्याशेजारी, पायाच्या बोटांनी जमीन धरून बसलेलो. बाबा अकरा मिनिटं बोलले. पाण्याचा रंग कसा बदलतो, खोल पाण्यावरून उथळ पाण्यावर आलं की होडीखालची हालचाल कशी आखडते, पाणसाप दिसू लागले की आपला किनारा दोनेक दिवसांवर असतो, पहाटे जमिनीवरून वारा सुटतो आणि त्याला भाताच्या शेतात पालापाचोळ्याचा राब भाजल्याचा वास असतो. मग ते म्हणाले, “झालं,” आणि बसले.

उरलेली एकोणपन्नास मिनिटं श्रोते बोलले. एकाने कोकणात समुद्र पश्चिमेला असतो ही माहिती बाबांना दिली. बाबांनी मान डोलावली. एका बाईंनी विचारलं, समुद्रात इतकी वर्षं काढून सांधेदुखी कशी नाही. एक गृहस्थ उठले आणि आपले पूर्वज सात समुद्र ओलांडून गेले होते असं सांगून बसले. त्यात प्रश्न नव्हता. मग शेवटच्या रांगेतून एक उंच, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ उठले. ते निवृत्त मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाचा चेहरा जसा होतो तसा चेहरा.

“आपण पाणसाप म्हणालात. दोनेक म्हणजे दोन की तीन?”

“वाऱ्यावर आहे,” बाबा म्हणाले.

“म्हणजे निश्चित नाही. याला लेखी पुरावा?”

“समुद्रात कागद भिजतो.”

हॉल हसला. मुद्रितशोधक हसले नाहीत. “तिथे आपल्याला खोटं ठरवणारं कुणी नव्हतं. इथे जमिनीवर करून दाखवाल?”

मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते थांबवतील असं मला वाटलं. पण त्यांच्या डोळ्यांत पहाटेची चटई दिसत होती. बायको माझ्या कानाशी म्हणाली, “नको म्हणायला सांगा त्यांना.” तेवढ्यात बाबा उठले आणि म्हणाले, “कुठे जायचं?”

“माझ्या घरी.”

“चला. खुणा सांगा.”

मुद्रितशोधकांना हे अपेक्षित नसावं. पण मागे हटणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. “पत्ता सांगणार नाही. नदीच्या पलीकडे, टेकडीच्या पोटाशी. तीन मजली इमारत. गच्चीवर हिरव्या पत्र्याची खोली. मागच्या भिंतीतून पिंपळ उगवलाय, सहा वर्षं अर्ज करतोय, कुणी काढत नाही.”

“पुष्कळ झालं,” बाबा म्हणाले. “मस्कतला याहून कमी सांगून पाठवलेलं.”

मग मुद्रितशोधकांनी उभ्या उभ्या नियम केले. कुणाला रस्ता विचारायचा नाही, कुणी सांगायचा नाही, सगळ्यांचे मोबाइल जमा. आणि पाट्या वाचायच्या नाहीत, त्यासाठी तांडेलसाहेबांनी चष्मा आपल्याकडे द्यावा, असं ते म्हणाले. बाबांनी लगेच चष्मा काढून दिला. तो चष्मा फक्त वाचायचा आहे, त्याच्याविना त्यांना अर्ध्या मैलावरचा कावळा डोमकावळा आहे की साधा हे कळतं, हे फक्त मला आणि बायकोला माहीत होतं. आम्ही नियमाप्रमाणे काहीच सांगितलं नाही. अध्यक्षांनी एका कापडी पिशवीत बत्तीस मोबाइल गोळा केले. पिशवी सारखी थरथरत आणि गाणी म्हणत होती.

अशा रीतीने, सव्वादहाच्या उन्हात, सदाशिव पेठेतून चाळीस ज्येष्ठ नागरिक समुद्रप्रवासाला निघाले.

बाबा दारातून बाहेर आले आणि दोन मिनिटं नुसते उभे राहिले. सावली पाहिली. मग एका वाड्यासमोर एक बाई अंगण धूत होत्या, तिथे गेले. साबणाचं पाणी रस्त्याच्या कडेने निघालं होतं. बाबा त्या पाण्याबरोबर चालू लागले, आणि त्यांच्यामागे चाळीस माणसं, एका ओळीत, पाण्यावर नजर ठेवून. बाईंनी झाडू थांबवला.

“काही हरवलंय का?”

“नाही,” अध्यक्ष म्हणाले. “नदी शोधतोय.”

“मग पावसाळ्यात या,” बाई म्हणाल्या आणि परत झाडू मारू लागल्या.

पाणी एका जाळीतून गटारात गेलं, पण तोवर बाबांना उतार कळला होता. पाणी जिकडे जातं तिकडे खाडी. पुण्याच्या नदीला ते शेवटपर्यंत खाडीच म्हणाले. दोन गल्ल्या ते सरळ गेले, तिसऱ्या तोंडाशी थांबून नाक वर केलं. मलाही वास आला. नदीचा वास कुणाही पुणेकराला येतो. फरक एवढाच की आपण नाक दाबतो आणि त्यांनी वळण घेतलं.

माणसं गळायला लागली. एका मिसळीच्या दुकानापाशी नऊजण कमी झाले. एका काकांनी “माझं घर आलं” म्हणून निरोप घेतला, आणि आम्ही पुढे गेलो तरी ते गॅलरीतून हात हलवत राहिले. दोघी बायकांना बसची आठवण झाली. त्यांचे मोबाइल पिशवीतून काढायला पाच मिनिटं गेली, कारण त्या पिशवीत एकसारखे अकरा होते. पुलाच्या अलीकडच्या चौकात वाहतूक पोलिसाने आम्हाला अडवलं.

“मोर्चा आहे का? परवानगी दाखवा.”

“मोर्चा नाही,” मुद्रितशोधक म्हणाले. “ही तपासणी आहे.”

“कशाची?”

“यांची.” त्यांनी बाबांकडे बोट दाखवलं.

पोलिसाने बाबांकडे पाहिलं. बाबा हात डोळ्यांवर धरून पुलावरच्या पारव्यांकडे बघत होते. “कुठे निघालात, आजोबा?”

“माहीत नाही,” बाबा अगदी खरं बोलले. “पोचलो की कळेल.”

पोलिसाने शिट्टी वाजवली, दोन्हीकडची वाहनं थांबवली आणि आम्हाला पलीकडे जाऊ दिलं. मला वाटतं त्याने मनातल्या मनात आमची काहीतरी वेगळीच संस्था ठरवली असावी.

नदी ओलांडली तेव्हा आम्ही एकोणीस होतो. इथपर्यंत मला लाज वाटत होती. ऑफिसातलं कुणी दिसलं तर काय सांगायचं याचं वाक्य मी तयार ठेवलं होतं. पण पूल उतरल्यावर बाबांच्या चालण्याकडे माझं लक्ष गेलं. घरात ते भिंतीला हात लावत चालत. फरशी हलत नाही म्हणून मला झोप येत नाही, असं त्यांनी एकदा बायकोला सांगितलं होतं. इथे ते पाय जरा फाकवून, खांदे सैल सोडून चालत होते, आणि मागे वळून बघत. दर थोड्या वेळाने मागे. मी कारण विचारलं.

“मागे काय राहिलं ते नीट बघून ठेवायचं,” ते म्हणाले. “परत जायला तोच किनारा लागतो. येताना दिसतो तसा जाताना दिसत नाही.”

एरंडवण्यातल्या गल्ल्यांमध्ये शिरलो आणि घात झाला. तिथे झाडं फार. दोन्ही बाजूंनी वरती मिळालेली, आकाश म्हणून दिसतं ते पानांच्या भोकांतून. सावल्या एकमेकींत मिसळलेल्या. वारा नाही. रस्ता सपाट, त्याला उतार नाही आणि स्पीडब्रेकरही नाही. एक गल्ली दुसरीसारखी. बाबा आधी हळू झाले, मग एका चौकात उभे राहिले. एका बाजूला गेले, परत आले. आम्ही आता अकराजण होतो. मुद्रितशोधकांनी घड्याळाकडे पाहिलं.

बाबा माझ्याजवळ आले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “जावयबापू, माका काय कळना नाय.”

इतक्या दिवसांत मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.  टेकडी कुठे आहे हे मला माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. मी या भागातून शंभरदा गेलो आहे. मी खोकलो आणि भुवयांनी उजव्या गल्लीकडे खूण केली. बाबांनी माझी भुवई पाहिली आणि मान दुसरीकडे फिरवली.

“बाबा, पुरे आता,” बायको म्हणाली. “आपण रिक्षा करू.”

“गप रव गो, बाय.” मग ते सगळ्यांकडे वळले आणि पुन्हा शहरी मराठीत, मोठ्याने म्हणाले, “काही कळेनासं झालं की शीड उतरवायचं. बसा.”

“कुठे?” अध्यक्षांनी विचारलं.

“आहात तिथे.”

अकरा माणसं फुटपाथवर बसली. सगळ्यांत शेवटी, आधी रुमाल पसरून, मुद्रितशोधक बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पिशवीतला एक मोबाइल ‘तुमचं गंतव्य स्थान आलं आहे’ असं म्हणाला. कुणाचा ते कळलं नाही. बाबा मांडी घालून, मान वर करून, पानांच्या एका भोकाकडे बघत बसले होते. मस्कतच्या वाटेवर धुकं पडलं होतं तेव्हा आम्ही दीड दिवस असे बसलो होतो, एवढं ते मधे म्हणाले. हे ऐकून एका आजींनी पर्समधली राजगिऱ्याची वडी काढली आणि तिचे अकरा तुकडे केले.

समोरच्या बंगल्यातून एक सद्गृहस्थ बाहेर आले. त्यांच्या हातात पाण्याची नळी होती. “इथे बसण्याचं कारण?”

“वाट चुकलोय,” अध्यक्ष म्हणाले.

ते गृहस्थ, आणि हे मी शपथेवर सांगतो, म्हणाले, “कुठे जायचंय? मी सांगतो ना.”

“सांगू नका!” अकराच्या अकरा ओरडले. सर्वांत मोठा आवाज मुद्रितशोधकांचा होता.

पुण्यात रस्त्यावरच्या माणसाने आपण होऊन पत्ता सांगायला निघावं हे मी जन्मात एकदाच पाहिलं, आणि आम्ही त्याला गप्प बसवलं. ते गृहस्थ नळी घेऊन आत गेले आणि त्यांनी दाराला आतून कडी घातल्याचं ऐकू आलं.

त्यानंतर थोड्याच वेळाने बाबा उठले. पानांच्या भोकातून एक घार गेली होती. मग दुसरी. मग पहिलीच परत, जरा वरून. ऊन चढलं की टेकडीच्या अंगावरची हवा तापते आणि वर जाते. घारी पंख न हलवता तिच्यावर गोल गोल चढतात. समुद्रात बेट दिसायच्या आधी बेटावरचा ढग दिसतो, तसं हे. त्या कुठल्या बाजूला गोळा होतायत हे बघायला बाबांना घारींच्या तीन फेऱ्या लागल्या. ते डावीकडच्या गल्लीत चालू लागले. माझी भुवई उजवीकडे होती. त्या दिवसापासून मी रस्त्याबाबत भुवया वापरलेल्या नाहीत.

दोन वळणं, एक बोळ, मग एका भिंतीच्या कडेने. बोळ संपला तिथे बाबा थांबले आणि हात वर केला. समोर एका तीन मजली इमारतीची पाठ होती. भिंतीतून पिंपळ बाहेर आलेला, चांगला मनगटाएवढा. वर हिरवा पत्रा.

“हे तुमचं बंदर,” ते म्हणाले.

मुद्रितशोधकांनी इमारतीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “हे नव्हे.”

“पिंपळ आहे,” अध्यक्ष म्हणाले.

“पिंपळ कुठेही उगवतो. बत्तीस वर्षं राहतोय मी. माझं घर मला कळणार नाही?”

खरंच कळत नव्हतं. बत्तीस वर्षांत ते या बोळातून कधी आलेच नव्हते. पिंपळाचे अर्जही त्यांनी घरातून खिडकीबाहेर वाकून बघत लिहिले होते. ते ठामपणे परत फिरणार, इतक्यात दुसऱ्या मजल्याच्या मागच्या गॅलरीत एक बाई ओला टॉवेल झटकत आल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मागून कुठे येताय चोरासारखे? आणि ही एवढी माणसं कोण?”

कुणीही हसलं नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो.  मुद्रितशोधकांनी खिशातून बाबांचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

“मान्य,” ते म्हणाले.

एवढा एकच शब्द. पण बाबांचा चेहरा असा फुलला की बायकोने माझा दंड धरला. बाईंनी वरून विचारलं, “चहा सगळ्यांनाच हवाय का?” आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या. चहा आला, त्याबरोबर पोहेही आले, अकराजणांना पुरतील एवढे. बाबा पोहे खाताना खुर्चीतच झोपले. गाढ, तोंड उघडं टाकून. पुण्यात आल्यापासून अशी झोप त्यांना लागली नव्हती, त्यामुळे आम्ही त्यांना उठवलं नाही. बाकीचे गेले, आम्ही दोघं त्या अनोळखी घरात दीड वाजेपर्यंत बसलो. मुद्रितशोधकांनी आम्हाला पिंपळाचे सहाही अर्ज वाचून दाखवले.

आता ते दर मंगळवारी बाबांना भेटायला येतात. एरंडवणे ते कोथरूड, सरळ रस्ता, चालत चाळीस मिनिटं. पण ते मोबाइल न घेता, कुणाला न विचारता येतात. पहिल्यांदा त्यांना सव्वातीन तास लागले. त्यांच्या पत्नी फोन करतात: “हे निघालेत. तुमच्याकडे संध्याकाळपर्यंत पोचतील असं धरून चाला.” मग बाबा जेवण लांबवतात आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. एका सुट्टीच्या मंगळवारी साडेचार झाले तरी मुद्रितशोधकांचा पत्ता नव्हता. बाबा चौथ्यांदा उठून कठड्यावरून वाकले.

“तुझी आई अशीच उभी राहायची,” ते बायकोला म्हणाले. “घरासमोरच्या खळ्यात. मी म्हणायचो, कशाला उभी राहतेस, मी काय हरवतोय?” मग जरा वेळाने, “जेवायचीसुद्धा नाही.”

 बायकोने आतून दुसरी खुर्ची आणून त्यांच्या शेजारी टाकली आणि त्या दोघांनी मिळून रस्त्याकडे पाहायला सुरुवात केली. पाचला दहा कमी असताना मुद्रितशोधक दिसले. ते वारज्याच्या बाजूने येत होते, म्हणजे घरापासून निघून आमच्या पुढे जाऊन परत. सदरा घामाने पाठीला चिकटलेला, काखेत मेथीची जुडी. आमच्या इमारतीसमोर ते थांबले, सावली पाहिली, वर पाहिलं, आणि शेजारच्या इमारतीच्या फाटकात शिरले.

बाबा कठड्याला धरून उभे राहिले. मी हाक मारणार होतो, पण त्यांनी माझ्या तोंडापुढे हात धरला.

“येऊ दे,” ते म्हणाले. “जवळ आलाय.”